बायकांनी खाकरायचं नसतं

लाटंबार्शातल्या महादेव गावसांच्या घरी दाराची कडी कुणी वाजवत नसे. पुरुषमाणूस अंगणातल्या तुळशीपाशी आला की खाकरायचा, आणि तेवढ्यावर घरातल्या बायकांना सगळं समजायचं. साधं खाकरणं म्हणजे एकटाच आलोय, पाणी आणा. लांबवलेलं म्हणजे सोबत परका माणूस आहे, पदर नीट घ्या. खाकरून वर थुंकला तर डोकं तापलेलं आहे, आज कुणी समोर येऊ नका. महादेवांचे वडील असेच खाकरायचे, आणि त्यांचे वडीलही तसेच खाकरत असणार. महादेवांची बायको सुमंगला लग्न होऊन आली तेव्हा तांदळाचा डबा कुठे आणि मिठाचं मडकं कुठे हे कळायच्या आधी तिला सासऱ्यांचं खाकरणं ओळखायला शिकावं लागलं होतं.

बायकांनी मात्र खाकरायचं नसे. असा नियम कुणी कधी सांगितला नव्हता, सांगावा लागतही नव्हता. शेताच्या या मेरेवरून त्या मेरेवर हाका मारणाऱ्या, भांडताना वाडी डोक्यावर घेणाऱ्या बायकासुद्धा घशात काही आलं की गिळून टाकत. अगदीच नाही जमलं तर गोठ्यामागं शेणाच्या खड्ड्याकडे जात आणि पदर तोंडाला लावून, आवाज न करता मोकळ्या होत. आमच्या सुनांचा घसा अजून शेजाऱ्यांना ठाऊक नाही, असं सुमंगलेची सासू चारचौघींत मोठ्या तोऱ्यात सांगायची.

सुमंगलेची धाकटी जाऊ जानकी हे सगळं इतकं चांगलं शिकली की तिला काय होतंय ते घरात कुणाला कळलंच नाही. जानकी धारगळची. गोव्यात अजून पोर्तुगीज होते तेव्हाची ही गोष्ट. तिचा खोकला म्हणजे नुसते खांदे हलायचे, आवाज नाही. पदरावर रक्त दिसलं त्या दुपारी सासऱ्यांनी ठरवलं, आणि जानकीला विश्रांतीसाठी म्हणून माहेरी पोचवण्यात आलं. तिथं भावांनी गोठ्याच्या कडेला पडवी काढून दिली. त्या पडवीत ती राहिली आणि तिथंच गेली. नवरा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला.

जानकीचा मुलगा विठ्ठल तेव्हा नुकता बोलायला लागला होता. सुमंगलेला मूलबाळ नव्हतं, विठ्ठल तिचा झाला. पण आई ज्या वाटेनं गेली त्या वाटेकडे तोंड करून तो पायरीवर बसून राहायचा, एक दिवस नाही दोन दिवस नाही, कितीतरी दिवस. सुमंगला उचलून आत आणायला गेली की तो रडायचा नाही, नुसतं अंग ताठ करायचा. ते ताठ झालेलं लहानसं अंग तिच्या हातांनी पुढे कधी विसरलं नाही.

विठ्ठल मोठा झाला, खाणीवरून खनिज वाहणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर झाला. बांद्याकडची आनंदी त्याला बायको म्हणून आणली. आनंदी गोरी, हसरी, कामाला वाघीण. सासूला ती आई म्हणायची आणि तसं वागायचीही. त्यांची सेजल चार वर्षांची झाली, ते गोव्याला राज्य मिळालं ते साल.

त्या वर्षी घराघरांत मराठी की कोकणी, या भाषेवरून वाद होता. महादेव मराठीच्या बाजूचे. डिचोलीच्या सभेला जाताना इस्त्रीचा सदरा घालायचे आणि परतताना घसा बसवून यायचे. घरी येऊन ज्या बोलीत सभेची हकीकत सांगायचे तिच्यात कोकणी किती, मालवणी किती आणि मराठी किती, हे कुणी विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं. राज्य झालं तेव्हा पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, उंडे आणि बाजारातून पेढे आणून त्यांनी वाडीत वाटले. भांडण आपल्या जागी आणि पेढे आपल्या जागी, असा त्यांचा स्वभाव होता.

त्याच पावसात आनंदी खोकायला लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, विठ्ठलचे कपडे धुताना धूळ नाकात जाते. ते कुणालाही पटण्यासारखं होतं. ट्रकच्या रस्त्याकडेच्या गावांत झाडाची पानं लाल, कौलं लाल, वाळत घातलेलं धोतर लाल. तिकडे सगळा खोकला धुळीचाच असायचा. म्हातारा खोकला तरी धूळ, बाळ खोकलं तरी धूळ. महादेवांनी तर आतल्या खोलीचं जनेल, म्हणजे तिथली खिडकी, धूळ येते म्हणून फळ्या मारून कायमचं बंद करून टाकलं होतं.

सुमंगलेला एके दिवशी दिसलं ते निराळंच. आनंदी चुलीपुढं पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. तिचे खांदे हलले, थांबले, पुन्हा हलले. आवाज नाही. मग तिनं काहीतरी गिळलं आणि निवडायला लागली.

सुमंगलेनं हातातली कळशी खाली ठेवली. कुठं ठेवली ते तिला नंतर आठवेना.

त्या दिवसापासून ती आनंदीला आल्याचा रस देऊ लागली, संध्याकाळी कपाळाला सहज हात लावल्यासारखं करून तापाचा कढ आहे का बघू लागली. कढ असायचा. बोलली मात्र काही नाही. बोलली असती तर महादेवांच्या कानावर गेलं असतं, आणि महादेव वाईट माणूस नव्हते, पण वडिलांनी घालून दिलेल्या रस्त्याखेरीज दुसरा रस्ता त्यांनी पाहिलेला नव्हता. विश्रांतीला म्हणून आनंदी बांद्याला गेली असती. सेजल पायरीवर बसली असती. न बोलावं तर आनंदी इथंच, डोळ्यांदेखत वाळत जाणार. सुमंगला दोन्हीकडून अडकली होती.

भाताची मळणी झाल्यावर गावात जीप आली. पणजीहून मोठी तपासणी निघाली होती. डिचोली आणि पेडणे तालुक्यांतली काही गावं निवडून घरोघर खोकला असलेल्या माणसांना विचारायचं, त्यांचा बेडका तपासायचा आणि क्षय किती लोकांना आहे ते शोधायचं, असं काम. त्यावरून पुढं औषधं किती, नर्सबाया किती, कुठं आणि कुणासाठी, ते ठरणार होतं. गावाला मात्र वाटलं की ही तपासणी धुळीची आहे. आता खाणवाले सापडले, असं म्हणत अर्धा गाव हौसेनं खोकत आला.

महादेवांचं अंगण मोठं, म्हणून मेज तिथंच मांडलं. तपासणीच्या मुख्य होत्या मडगावच्या डॉक्टर मालतीबाई, पस्तिशीच्या, साडीवर पांढरा कोट घातलेल्या. त्यांच्याबरोबर शेवंती नावाची नर्स होती, ती इकडचीच, डिचोलीची. शेवंतीनं झाकणाच्या लहान डब्या वाटल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, की खोल श्वास घ्या, पोटातून खाकरा आणि यात थुंका. लाळ नको, छातीतलं पाहिजे.

पुरुषांना हे सांगायलाच नको होतं. जन्मभर केलेल्या कामाची सरकारनं कदर केल्यासारखे ते पुढं सरसावले. शेजारचा बाबली तर असा खाकरला की तुळशीमागच्या कोंबड्या पंख फडफडवत परसात पळाल्या, आणि सोप्यावर बसलेल्यांनी त्याला शाबासकी दिली. महादेवांना खोकला नव्हता, तरी आपलीही डबी घ्या म्हणून ते मागं लागले होते.

बायकांची पाळी आली तशी हसण्याची कुजबुज झाली आणि मग सगळ्या गप्प. एकेक जण डबी पदराखाली घेऊन फणसाच्या झाडाआड जायची आणि लगेच परत यायची. आनंदीही तशीच गेली. सोप्यावर सासरे बसले होते, त्यांच्या शेजारी गावातले चार जाणते. ती परत आली तेव्हा सुमंगलेनं डबीत पाहिलं. तळाशी पाण्यासारखी स्वच्छ लाळ होती. शेवंतीनं परत एकदा नीट प्रयत्न करायला सांगितलं, आनंदीनं मान हलवली. मागं रांग मोठी होती. शेवंतीनं झाकण लावलं.

सुमंगला तिथंच उभी होती. एक शब्द बोलली असती तर पुरे होतं. ती बोलली नाही.

निकाल आला. गावात पाच-सहा पुरुषांना क्षय निघाला, त्यांत बाबली एक. त्यानं खाणीत कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. काजूची भट्टी आणि स्वतःचं घर यापलीकडे तो जातच नसे. बायकांमध्ये कुणालाच काही नाही. महादेव मोठ्या समाधानानं म्हणाले, आनंदीची नुसती धूळच होती. सुमंगलेनं देवापुढं निरांजन लावलं. हात जोडताना तिला कळत होतं की ती जे मागतेय ते देवालाही करणं कठीण आहे.

काजूचे बोंडू पिकून खाली पडायला लागले आणि सगळ्या गावाला तो आंबूस-गोड वास सुटला, तेव्हा मालतीबाई परत आल्या. या वेळी मेज नको म्हणाल्या. सोप्यावर बसा म्हटलं तर तिथंही बसल्या नाहीत. सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि पाट ओढून बसल्या. सुमंगला आणि आनंदी होत्याच, बाबलीची बायको सुमन बोंडवांच्या बिया पिळून काढायला आली होती, आणखी दोघी शेजारणी होत्या. मालतीबाईंची कोकणी मडगावकडची, साष्टीची, जरा गाणं म्हटल्यासारखी. बायकांना ती ऐकायला मौज वाटायची, पण समजायचं सगळं.

त्यांनी सांगितलं ते असं. निवडलेल्या सगळ्या गावांत पुरुष सापडले. बायका मात्र जवळजवळ नाहीतच. कागद पाहिला तर वाटावं, की इकडच्या बायकांना हा आजार होतच नाही. सरकार कागद बघून ठरवणार. मग पुढची सगळी सोय पुरुषांच्याच हिशेबानं होणार. पण त्या ज्या इस्पितळात काम करतात तिथला बायकांचा वॉर्ड भरलेला असतो. त्या बायका याच गावांतून येतात, आणि येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. मग या तपासणीत त्या गेल्या कुठं? म्हणून त्यांनी स्वतः बेडका तपासलेल्या काचा परत काढून बघितल्या. बायकांच्या काचांवर छातीतलं काही नव्हतंच. नुसती लाळ.

"चूक तुमची नाही," त्या म्हणाल्या. "माझं काहीतरी चुकलंय. काय, ते मला कळत नाही. तेवढंच विचारायला आलेय."

सुमननं बी पिळून टोपलीत टाकली.

एवढ्यात अंगणात महादेव खाकरले. लांबवलेलं खाकरणं, म्हणजे सोबत कुणीतरी होतं. स्वयंपाकघरातल्या पाचही जणी एकदम सावरल्या. पदर डोक्यावर गेले, सुमनची पुढची बी हातातच राहिली, आनंदी बाहेरच्यांसाठी पुन्हा चहाचं आधण ठेवायला उठली. खोकल्याची एक उबळ तिच्या छातीत आली होती, ती तिनं तशीच आत दाबली आणि तिचे खांदे हलले.

मालतीबाईंचा हात पुढ्यातल्या चहाच्या कपाकडे जाता जाता थांबला. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग एकेकीकडे पाहिलं.

"वैनी," त्यांनी हळूच सुमंगलेला विचारलं, "तुम्ही कधी खाकरल्यात?"

सुमन पदरात तोंड घालून हसायला लागली. सुमंगला म्हणाली, "आमी नाय खाकरत."

"कधीच?"

"कित्याक खाकरू? आमचो आवाज कोणाक आयकून घेवचो आसा?"

मालतीबाईंनी कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, की जे काम तुम्ही जन्मात केलेलं नाही ते मी तुमच्याकडे मागितलं, आणि तेही भर अंगणात, सासऱ्यांच्या पुढ्यात. माझ्या आईनं तरी केलं असतं का?

आता सगळ्यांना हसू फुटलं. सुमंगलेला हसू आलं नाही. तिचं सगळं लक्ष आनंदीच्या पाठीकडे होतं. ती पाठ आता पोलक्यातून हाडं मोजता येतील अशी झाली होती. पावसापासून घशाशी अडकलेला प्रश्न तिनं शेवटी बाहेर काढला.

"सापडली तर तिका खंय धाडतात?"

तिका म्हणजे कुणाला, हे तिनं सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. आनंदी आधणापुढं पुतळ्यासारखी उभी राहिली. शेजारणींनी मान खाली घातली.

"कुठंच नाही," मालतीबाई म्हणाल्या. "आपल्या घरात राहायचं, गोळ्या घ्यायच्या आणि बरं व्हायचं."

सुमंगलेच्या चेहऱ्यावर विश्वास दिसेना, तेव्हा त्यांनी तिला मद्रासची हकीकत सांगितली. तिथं डॉक्टरांनी क्षयाच्या रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला इस्पितळात ठेवलं, चांगलं खायला-प्यायला घातलं, विश्रांती दिली. दुसऱ्या गटाला त्यांच्याच गरिबीच्या, दाटीवाटीच्या घरांत राहू दिलं आणि औषध तेच दिलं. मग कित्येक वर्षं त्या सगळ्यांवर आणि त्यांच्या घरच्यांवर लक्ष ठेवलं. घरी राहिलेले जवळपास तितकेच बरे झाले. आणि त्यांच्या घरातल्या पोराबाळांना काही जास्त लागण झाली नाही. जी व्हायची ती औषध सुरू होण्याच्या आधीच होऊन गेलेली असते. तेव्हापासून जगभरातल्या डॉक्टरांनी रोग्याला घराबाहेर काढणं सोडून दिलं. माणसाला दूर धाडून काही होत नाही, औषध नेमानं पोटात गेलं की होतं.

"हे केन्ना झालं?" सुमंगलेनं विचारलं.

मालतीबाईंनी जरा आठवून सांगितलं, की त्या स्वतः लहान होत्या तेव्हा. पोर्तुगीज जायच्या आधी दोन-तीन वर्षं.

सुमंगला उठली. चूल चांगली पेटलेली होती, तरी तिनं लाकडं मागंपुढं केली. धूर डोळ्यांत गेला म्हणून पदरानं डोळे पुसले. मद्रास आहे तिथंच होतं आणि धारगळही आहे तिथंच होतं. एवढी चांगली बातमी मद्रासेत निघाली, आणि जानकीच्या पडवीपर्यंत ती कुणी आणली नाही.

मग ती परत येऊन बसली आणि म्हणाली, "फाल्या सकाळी तुमच्या नर्साक धाडा. अंगणात नको. कुळागरात, झरीकडे."

सकाळी घरामागच्या कुळागरात सुपारीच्या झाडांत अजून धुकं होतं. झरीवर पुरुष जात नसत. ती बायकांची धुण्याची जागा. शेवंती डब्या घेऊन आली. सुमंगलेनं वाडीतल्या झाडून सगळ्या बायकांना बोलावलं होतं, खोकला असलेल्या आणि नसलेल्याही, म्हणजे कुणाकडे बोट दाखवायला नको. सगळ्या धोंड्यांवर बसल्या आणि एकमेकींकडे बघत राहिल्या. पहिली कोण? आनंदी पार मागं, सुमनच्या आड बसली होती.

सुमंगला उभी राहिली. तिला खोकला नव्हता, घशात काही नव्हतं. तिनं श्वास घेतला आणि खाकरायला गेली, तर मांजरीला उलटी व्हावी तसा काहीतरी बारीक आवाज निघाला. सुमन म्हणाली, काकी, ह्याच्यापेक्षा आमचो बोको बरो खाकरता. बायका हसून लोटपोट झाल्या. सुमंगलाही हसली.

मग तिनं सासऱ्यांना आठवलं. तुळशीपाशी ते कसे उभे राहायचे, छाती कशी भरून घ्यायचे. दोन पाय फाकवून ती तशी उभी राहिली, पदर खांद्यावरून कमरेत खोचला, पोटाच्या तळापासून श्वास वर ओढला आणि खाकरली. लांबवून. आवाज झरीच्या दरडीवर आपटून परत आला. माडावरचा कावळा उडाला.

घरात महादेव सोप्यावर चहाबरोबर उंडा खात बसले होते. ते घाईनं उठले, खुंटीवरचा सदरा अंगात घातला आणि मागच्या दारात येऊन हाक मारली, "कोण आयलो गो?"

खाली झरीवर सगळ्या बायका दगडासारख्या झाल्या. पदर डोक्यावर घ्यायला हात उचलले गेले.

"कोण नाय," सुमंगला म्हणाली. "मी."

महादेव दारात उभे राहिले. सदऱ्याचं बटण भलत्याच काजात गेलं होतं. ते चाचपून सोडवत महादेव आत गेले.

त्यानंतर सुमन खाकरली, मग शेजारीण, मग सगळ्याच, आणि कुळागरात असा गोंधळ झाला की पुरुषांचं अंगणातलं खाकरणं त्यापुढं काहीच नाही. त्या गोंधळात आनंदीही खाकरली. तिला ढास लागली. बराच वेळ ओणवी होऊन ती खोकत राहिली. इतके महिने आत दाबलेलं सगळं एकदम वर येत होतं. सुमंगलेनं तिची पाठ धरली. शेवंतीनं डबीत पाहिलं, झाकण लावलं आणि नुसती मान हलवली, म्हणजे आता बरोबर आलं.

आनंदीला क्षय निघाला. वाडीतल्या आणखी दोघींनाही.

शेवंतीनं सोप्यावर बसून महादेवांना नीट समजावून सांगितलं आणि ती गेली. महादेवांनी अंगणात पाहिलं. सेजल तुळशीपाशी करवंट्या मांडून खेळत होती. मग हलक्या आवाजात, बायकोला ऐकू जाईल आणि सुनेला जाणार नाही अशा बेतानं ते म्हणाले, "थोडे दिस बांद्याक जांव दे तिका. विश्रांती मेळतली."

सुमंगला दाराच्या चौकटीला धरून उभी होती. हा शब्द येणार हे तिला माहीत होतं. आधीही तोच शब्द आला होता, याच सोप्यावरून. लग्न होऊन आल्यापासून ती कधी सोप्यावर बसली नव्हती. ती पुढं झाली आणि नवऱ्याच्या शेजारी बसली.

"सेजल पायरीर बसतली," ती म्हणाली. "तिका उचलून आत हाडूक आता माझ्या हातांत बळ नाय."

महादेवांनी पायरीकडे पाहिलं. विठ्ठल तिथं बसायचा तेव्हा ते तरणेबांड होते. त्याला चुकवून, पायरीच्या कडेनं पाय टाकून ते शेतावर जायचे, आणि हे नवराबायको दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकण्याचा आवाज आला. महादेव आतल्या खोलीत स्टुलावर चढून जनेलाच्या फळ्या काढत होते. खिळे गंजले होते, निघत नव्हते. शेवंतीनं सांगितलं होतं, की रोग्याच्या खोलीत वारा-उजेड खेळता पाहिजे. शेवटची फळी निघाली तसा उजेडाचा मोठा झोत आनंदीच्या अंथरुणावर पडला. महादेवांनी हात झटकले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, की धूळ आली तर रोज पुसून काढा, त्यात काय मोठं.

आनंदीच्या गोळ्या सुरू झाल्या. शेवंती आठवड्याला यायची, मधल्या दिवसांत सुमंगला समोर बसून गोळी गिळायला लावायची आणि तोंड उघडून दाखवायला सांगायची. लाल गोळीनं लघवी लाल होते हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. आनंदी पहिल्या दिवशी घाबरून रडली. सुमंगलेनं सांगितलं, खाणीचो नवरो केलंस, लाल कित्याक भितंस? पहिले काही आठवडे विठ्ठल सोप्यावर झोपला आणि सेजल आजीजवळ. पण सकाळी उठली की आईच्या उघड्या जनेलाबाहेर उभी राहायची, गजांना धरून, आणि दोघींच्या गप्पा चालायच्या.

मालतीबाईंनी पुढच्या गावांत तपासणीची रीतच बदलली. बायकांच्या डब्या बायकांच्या जागी द्यायच्या, सकाळी, पुरुष नसताना, आणि आधी कुणीतरी करून दाखवायचं. करून दाखवायला त्यांनी एकदा सुमंगलेला पेडण्याच्या बाजूला नेलं. जीपमध्ये बसल्यावर तिला कळलं की गाव धारगळ आहे. विहिरीपाशी जमलेल्या बायकांत जानकीच्या भावाची सून होती. परत निघताना ती सुमंगलेला आग्रहानं घरी घेऊन गेली. गोठ्याकडेची पडवी केव्हाच पडून गेली होती. त्या जागी अबोलीचे वाफे होते. सुमंगलेनं चहा घेतला, अबोलीची एक फांदी मागून घेतली आणि जीपमध्ये ती मांडीवर ठेवून बसली. वर्षअखेरीला मालतीबाईंनी सांगितलं, की कागदावर बायका दिसायला लागल्या. पुरुषांइतक्या नाहीत, पण आहेत. डिचोली-पेडण्याच्या गावांसाठी जादा गोळ्या आणि नर्सबाया मागताना त्यांनी तोच कागद वर पाठवला होता.

आनंदीच्या गोळ्या संपल्या तेव्हा चतुर्थी होऊन गेली होती. ती भरली होती, पोलकी परत उसवून मोठी करावी लागली होती. पण बरी झाली असं म्हणायला शेवटचा बेडका तपासायला हवा होता. शेवंती डबी घेऊन आली. झरीवर जाऊ या म्हणाली, तर आनंदी म्हणाली, कशाला, इथंच देते, आणि अंगणात तुळशीपाशी उभी राहिली.

तिनं श्वास घेतला आणि खाकरली. काही आलं नाही. पुन्हा खाकरली, तरी नाही. घसा कोरडा, छाती मोकळी. तिनं सासूकडे पाहिलं, सासूनं खांदे उडवले.

सोप्यावरून महादेव बघत होते. त्यांना राहवलं नाही.

"गळ्यातून नको गो," ते म्हणाले. "पोटातून काड. अशें बघ."

आणि ते स्वतः उठून उभे राहिले, छाती भरून घेतली आणि खाकरून दाखवलं. सेजल करवंटी टाकून बघायला आली. आनंदीनं सासऱ्यांसारखे दोन पाय फाकवले, श्वास ओढला आणि सगळं अंगण दणाणेल अशी खाकरली. शेवंतीनं डबी पुढं धरली होती. डबी रिकामीच राहिली, छातीत आता काही उरलंच नव्हतं.